विचारांच्या पातळ्या आणि आपला वर्ग : शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवताना आणि नंतर अध्यापक विद्यालयात शिकवताना ब्लूमच्या वर्गीकरणाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते इथे एकत्र केले आहेत. काही छात्राध्यापकांचे, काही जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांचे आणि दोन-चार मलाच पडलेले. उत्तरांची लांबी सारखी नाही, कारण प्रश्नांचं वजनही सारखं नाही.

### ब्लूमचं वर्गीकरण म्हणजे नेमकं काय?

शिकल्यानंतर मुलाला काय करता यायला हवं, याची विचारांच्या प्रकारानुसार केलेली मांडणी. १९४८ साली बोस्टनमध्ये मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनाला जमलेल्या काही विद्यापीठीय परीक्षकांच्या गप्पांतून ती कल्पना निघाली. प्रत्येक विद्यापीठ स्वतःच्या परीक्षेसाठी वेगळे प्रश्न काढतं, त्यात प्रचंड वेळ जातो. तेव्हा प्रश्नांची देवाणघेवाण करू, असा साधा व्यवहारी विचार होता. पण देवाणघेवाण करायची तर 'हा प्रश्न नेमकं काय तपासतो' हे सांगणारी सामाईक भाषा हवी. ती भाषा तयार करायला आठ वर्षं लागली. १९५६ साली पुस्तक आलं. मुख्य संपादक होते शिकागो विद्यापीठाचे बेंजामिन ब्लूम, सोबत आणखी चौघे.

म्हणजे आपण ज्याला अध्यापनाचा मंत्र समजतो, ते मुळात पेपर काढणाऱ्यांचं हत्यार होतं. हे लक्षात ठेवलं की पुढचे बरेच गोंधळ कमी होतात.

आपल्याकडे ते फार लवकर पोचलं. १९५७ साली ब्लूम स्वतः भारतात आले आणि त्यांनी परीक्षा-सुधारणेवर कार्यशाळा घेतल्या. पाठोपाठ १९५८ मध्ये केंद्रीय परीक्षा विभाग सुरू झाला आणि एनसीईआरटी स्थापन झाल्यावर तो तिच्यात आला. तुमच्या टाचणातली (पाठाच्या लेखी नियोजनातली) 'उद्दिष्टे' आणि 'स्पष्टीकरणे' ही त्याच वाटेने आलेली आहेत.

### आमच्या वेळच्या पातळ्या वेगळ्या होत्या. आता नावं का बदलली? टीईटीला (शिक्षक पात्रता परीक्षेला) कोणती लिहायची?

१९५६ ची यादी : ज्ञान, आकलन, उपयोजन (शिकलेलं वापरणं), विश्लेषण, संश्लेषण (सुटे भाग जोडून नवं काही रचणं), मूल्यमापन.

२००१ ची सुधारित यादी : स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, सर्जन (काही जण 'निर्मिती' म्हणतात).

सुधारणा केली लॉरिन अँडरसन आणि डेव्हिड क्रॅथवोल यांच्या गटाने. क्रॅथवोल मूळच्या पुस्तकाच्या संपादकांपैकीच. परीक्षेत प्रश्न नीट वाचा : 'मूळ' म्हटलं असेल तर शेवटी मूल्यमापन, 'सुधारित' म्हटलं असेल तर शेवटी सर्जन.

परीक्षेपुरतं एवढं पुरे. पण बदलाचं कारण जास्त मोलाचं आहे. जुन्या यादीत 'ज्ञान' ही एक पायरी होती, तीही तळाची. सुधारित मांडणीत ज्ञान पायरीवरून उचलून वेगळ्या बाजूला नेलं. तिथे त्याचे चार प्रकार केले : तथ्यांचं, संकल्पनांचं, कृती-पद्धतींचं आणि आपण स्वतः कसे विचार करतो याचं ज्ञान. त्यामुळे आता तो जिना राहिला नाही, तक्ता झाला. एका बाजूला 'कशाबद्दल', दुसऱ्या बाजूला 'काय करायचं'. भागाकाराची रीत आठवणं वेगळं आणि ती रीत का चालते हे समजणं वेगळं, हे त्या तक्त्यात लगेच दिसतं.

### पण आमच्या संविधान तक्त्यात (कशाला किती गुण ते ठरवणाऱ्या प्रश्नपत्रिकेच्या आराखड्यात) ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे चारच रकाने होते!

होते, आणि ते चुकीचे नव्हते. वरच्या तीन पातळ्या शालेय पेपरात वेगळ्या काढणं जड जातं म्हणून उपयोजनात त्या सामावल्या गेल्या आणि आकृती काढणं, नकाशा भरणं, उपकरण मांडणं यांसाठी 'कौशल्य' हा रकाना आला. तोटा एकच झाला. 'उपयोजन' हा रकाना घरातल्या पोटमाळ्यासारखा झाला. जे कुठे बसेना ते तिथे टाकलं. शाब्दिक उदाहरण उपयोजनात, निबंध उपयोजनात, 'तुमचे मत लिहा' हेही उपयोजनात.

### प्रश्नातल्या क्रियापदावरून पातळी ओळखता येते ना? तसे तक्ते मिळतात.

नाही येत. एवढा एक प्रश्न वाचून पान बंद केलंत तरी चालेल.

माझीच गोष्ट सांगतो. आठवीच्या घटक चाचणीत मी प्रश्न टाकला : 'फरक स्पष्ट करा – वनस्पती पेशी व प्राणी पेशी.' संविधान तक्त्यात त्याच्यापुढे ऐटीत 'विश्लेषण' लिहिलं. पेपर तपासायला बसलो तर सगळ्या उत्तरपत्रिकांत तोच तक्ता, तेच चार मुद्दे, तोच क्रम. मीच फळ्यावर लिहून दिलेला. एका मुलाने तर माझी शुद्धलेखनाची चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवली होती. यात विश्लेषण कोणी केलं? मी, धडा शिकवायच्या आदल्या रात्री. मुलांनी केलं ते प्रत्यास्मरण.

पुढच्या वर्षी प्रश्न बदलला. कांद्याच्या पापुद्र्याची आणि गालाच्या आतल्या भागातल्या पेशींची अशी दोन चित्रं दिली, नावं न लिहिता. कोणती पेशी वनस्पतीची? कशावरून? इथे गंमत झाली. 'वनस्पती पेशीत हरितलवके असतात' हे घोकलेली हुशार मुलं अडकली, कारण कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवके नसतातच. कांदा जमिनीत वाढतो, त्या पेशींना ऊन दिसत नाही. पेशीभित्तिका शोधणारी मुलं सुटली. तोच पाठ, तेच चार मुद्दे, पण या वेळी डोकं मुलांना चालवावं लागलं.

आणि हाच प्रश्न, हीच चित्रं मी पुढच्या चाचणीत पुन्हा दिली असती, तर तो पुन्हा स्मरणाचाच झाला असता.

म्हणजे पातळी कागदावरच्या शब्दाला चिकटलेली नसते. त्या मुलाला आधी काय शिकवलंय आणि उत्तरासाठी आता स्वतःचं काय घालावं लागणार आहे, यावर ती ठरते. 'शास्त्रीय कारणे लिहा' ऐकायला किती भारदस्त, पण स्वाध्यायाच्या वहीत ती कारणं आधीच उतरलेली असतात. कृतिपत्रिकेतलं 'स्वमत' तर याचा कळस. प्रश्न मुलाचं स्वतःचं मत विचारतो, गाईड ते मत आठ ओळींत छापून देतं आणि लाखभर मुलं दुसऱ्याचं 'स्वमत' पाठ करून येतात. तिथे गाईडला दोष देऊन भागत नाही. पाठ करून पूर्ण गुण मिळत असतील तर पाठ करणं हाच मुलाचा शहाणपणा.

क्रियापदांचे तक्ते फेकू नका. टाचण लिहिताना शब्द सुचायला ते बरे. पण पातळी ठरवताना स्वतःला एकच विचारा : याचं उत्तर मी वर्गात सांगितलंय का?

### अवघड प्रश्न म्हणजे वरच्या पातळीचा प्रश्न का?

छे. 'अणुअंक ५७ असलेल्या मूलद्रव्याचं नाव सांगा' हा प्रश्न बहुतेक मोठ्या माणसांनाही जमणार नाही (लँथॅनम), तरी तो स्मरणाचाच. 'पावसाळ्यात कपडे उशिरा का वाळतात?' सोपा आहे, पण पुस्तकात उत्तर दिलेलं नसेल तर कारण जोडावं लागतं. काठिण्यपातळी आणि विचारांची पातळी ही दोन वेगळी मापं आहेत. संविधान तक्त्यात त्यांचे रकाने वेगळे असतात ते म्हणूनच.

### एकाच पाठावर वेगवेगळ्या पातळ्यांचे प्रश्न कसे काढायचे? उदाहरण द्या.

चौथीच्या इतिहासात असलेला पुरंदरचा तह घेऊ. साल १६६५. शिवाजी महाराज आणि मिर्झाराजे जयसिंग. तेवीस किल्ले मोगलांना गेले, बारा महाराजांकडे राहिले.

तह कोणामध्ये झाला, किती किल्ले दिले – हे स्मरण. चाचणीत हे असायलाच हवं. आकडे माहीत नसतील तर पुढचं काहीच होत नाही.

'तह म्हणजे काय, ते शाळेच्या मैदानावर दोन संघांत झालेल्या भांडणाचं उदाहरण देऊन सांग' – आकलन. मुलाने स्वतःचं उदाहरण दिलं तर आकलन, पुस्तकातलं वाक्य दिलं तर नाही.

आता खरी मजा. भिंतीवर महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा लावा. दिलेल्यांपैकी काही किल्ले लाल टिकल्यांनी दाखवा : पुरंदर, कोंढाणा, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, माहुली, कर्नाळा. राखलेल्यांपैकी काही हिरव्या : राजगड, तोरणा, लिंगाणा, रायगड. मग एवढंच विचारा, 'काय दिसतंय?' आणि गप्प बसा. हिरव्या टिकल्या एका रांगेत सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून कोकणात उतरतात, हे कुणाला तरी दिसतंच. ते दिसलं की 'हेच का राखले असतील?' हा प्रश्न मुलंच विचारतात. हे विश्लेषण आहे, आणि त्यासाठी प्रश्नपत्रिकेत 'विश्लेषण करा' असं लिहावं लागलं नाही.

'इतके किल्ले देणं ही माघार होती की शहाणपण?' हे मूल्यमापन. इथे एक खबरदारी. मुलांना बरोबर उत्तर माहीत असतं, कारण वर्गातल्या वातावरणात एकच उत्तर चालण्यासारखं असतं. म्हणून मी उलट बाजूने विचारायचो : तू मिर्झाराजांच्या छावणीतला कारकून आहेस, बादशहाला पत्र लिहायचंय, तहात आपल्याला काय मिळालं आणि काय मिळालं नाही? अशा पत्रात मुलांना दोन्ही पारडी तोलावी लागतात. पत्र स्वतः रचायचं असल्यामुळे सर्जनही त्यात आलं. पातळ्या अशा एकमेकींत मिसळतात. त्यांना वेगवेगळ्या डब्यांत भरायचा हट्ट कशाला?

### मग पाठांतर वाईट का?

हा प्रश्न मला नेहमी थोडा रागावूनच विचारला जातो, आणि राग रास्त आहे. गेल्या काही वर्षांत 'घोकंपट्टी' हा शब्द शिवीसारखा वापरून पाढ्यांनाही बदनाम केलं गेलं.

सातवीत शेकडेवारी शिकताना जो मुलगा 'सात आठे?' इथे अडतो, त्याचं सगळं लक्ष तिथेच संपतं. शेकडेवारीचा विचार करायला डोक्यात जागाच उरत नाही. जुने किराणा दुकानदार पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी पाठ म्हणायचे. त्यांचं व्यवहारी गणित कॅल्क्युलेटरपेक्षा वेगात चालायचं ते त्यामुळेच. पाठ असलेली गोष्ट विचाराला मोकळं करते.

चूक पाठांतरात नाही, पाठांतरावर थांबण्यात आहे. आपल्या परंपरेनेही श्रवण (ऐकणं), मनन (त्यावर विचार करणं), निदिध्यासन (ते आत मुरवणं) अशी तीन नावं दिली आहेत. श्रवणावर तास संपवा, असं कुठे म्हटलेलं नाही.

### पहिली-दुसरीच्या मुलांना या वरच्या पातळ्या जमतात का?

जमतात. पातळी म्हणजे इयत्ता नव्हे. 'पहिलीला स्मरण, दहावीला मूल्यमापन' अशी वाटणी मी तपासणीच्या वेळी प्रत्यक्ष टाचणांत पाहिली आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

चिऊ-काऊची गोष्ट घ्या. काऊचं घर कशाचं? शेणाचं. चिऊचं? मेणाचं. पाऊस आल्यावर कुणाचं वाहून गेलं? इथवर सगळे शिक्षक विचारतात. मग एका पहिलीच्या वर्गात एक मुलगी उठली आणि म्हणाली, 'पण उन्हाळ्यात चिऊचं घर वितळेल ना?'

सहा वर्षांच्या मुलीने मेणाचा गुणधर्म आठवला, तो दुसऱ्या ऋतूला लावून पाहिला आणि शतकानुशतकं सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीतली भेग दाखवली. तिथल्या छात्राध्यापिकेने 'बस खाली, गोष्ट ऐक' म्हटलं. पाठ संपल्यावर ती आणि मी यावर बराच वेळ बोललो. दुसऱ्या दिवशी तिने वर्गाला विचारलं, 'मग पावसातही टिकेल आणि उन्हातही टिकेल असं घर कशाचं बांधाल?' विटांपासून प्लॅस्टिकच्या पिशवीपर्यंत उत्तरं आली. एकाने 'दोघांनी एकत्र राहायचं, पावसाळ्यात चिऊकडे, उन्हाळ्यात काऊकडे' असा तोडगा काढला. याला कोणती पातळी द्यायची ते तुम्हीच ठरवा.

लहान मुलांची अडचण विचारांची नसते, लिहिण्याची असते. तोंडी विचारा, चित्र काढायला लावा, कृती करून दाखवू द्या.

### पिरॅमिडच्या तळापासूनच सुरुवात करायची का? एक पायरी झाल्याशिवाय पुढची नाही?

१९५६ च्या पुस्तकात पिरॅमिड नाही. तो नंतर आला आणि त्याचंच चित्र सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. मूळ मांडणीत पातळ्या साध्याकडून गुंतागुंतीकडे जातात असं मानलं होतं हे खरं. पण २००१ च्या मंडळींनीही पातळ्या एकमेकींत मिसळलेल्या असू शकतात हे मान्य केलं.

वर्गात तर वरून खाली यायला बऱ्याचदा जास्त सोपं जातं. दिवाळीत मुलं किल्ला करतात. सुरुवातच मुळी निर्मितीने होते. माती कालवल्यावर प्रश्न उगवतात : पाण्याचं टाकं कुठे? दरवाजा वळणावर का असतो? चोरदिंडी कशाला? मग मुलं मोठ्यांना विचारतात, पुस्तक उघडतात, आणि माची, बुरूज, बालेकिल्ला हे शब्द आपसूक लक्षात राहतात. आधी सर्जन, मग स्मरण.

अर्थात, हातांनी काही केलं म्हणजे सर्जन झालं असंही नाही. बाजारातून तयार किल्ला आणून अंगणात ठेवला तर त्यात कुठलीच पातळी नाही. आणि विज्ञान प्रदर्शनातले निम्मे प्रकल्प कोणत्या पालकांनी रात्री जागून केलेत, ते परीक्षकांना दारातूनच कळतं.

### प्रश्न समजले. पण उत्तराची पातळी कशी मोजायची?

इथे ब्लूमपेक्षा दुसरं वर्गीकरण कामाला येतं. १९८२ साली जॉन बिग्ज आणि केविन कॉलिस यांनी मांडलेलं 'सोलो'. ते प्रश्नाकडे न बघता मुलाने दिलेल्या उत्तराच्या बांधणीकडे बघतं. प्रश्न एकच, उत्तरं पाच तऱ्हेची.

समजा प्रश्न असा : माठातलं पाणी गार का होतं? आणि ते रत्नागिरीपेक्षा अकोल्यात जास्त गार का होतं?

पहिलं उत्तर : 'माती थंड असते म्हणून.' मुलाला मुद्दा सापडलेलाच नाही.

दुसरं : 'माठाला बारीक छिद्रं असतात.' एक धागा हातात आला.

तिसरं : 'माठाला छिद्रं असतात, पाणी झिरपतं, बाष्पीभवन होतं, अकोल्यात ऊन जास्त असतं.' चार मुद्दे, चारही बरोबर, पण मण्यांसारखे सुटे. आपल्या पद्धतीत याला चारपैकी चार गुण मिळतात, आणि माझ्या मते इथेच आपलं तपासणं फसतं.

चौथं : 'झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना ती आतल्या पाण्यातली उष्णता घेते. अकोल्याची उन्हाळी हवा कोरडी, म्हणून वाफ भराभर होते. रत्नागिरीच्या हवेत आधीच ओल, म्हणून सावकाश.' मणी ओवले गेले.

पाचवं : 'म्हणूनच कोकणात पाण्याचा कूलर नीट चालत नाही आणि दमट दिवशी घाम वाळत नाही म्हणून जास्त उकडतं. आमच्या घरचा जुना माठ पाणी गार करत नाही, त्याची छिद्रं क्षारांनी बुजली असतील.' मुलगा प्रश्नाच्या पलीकडे गेला.

तिसऱ्या आणि चौथ्या उत्तरातला फरक मुलांना दाखवा. दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहा, नावं न घेता. 'म्हणून', 'त्यामुळे', 'कारण' हे शब्द कोणत्या उत्तरात आहेत ते शोधायला सांगा. एवढ्यानेही पुढच्या वेळी उत्तरं बदलतात.

### वेबची 'ज्ञानाची खोली' हे आणखी काय प्रकरण?

अमेरिकन संशोधक नॉर्मन वेब यांनी १९९७ मध्ये मांडलेले चार स्तर : आठवण, कौशल्य व संकल्पना, धोरणात्मक विचार, विस्तारित विचार. अभ्यासक्रम आणि परीक्षा एकमेकींशी जुळतात का हे पाहण्यासाठी ते केले. क्रियापद बाजूला ठेवून कामाची खोली बघा, हा त्यांचा आग्रह मला पटतो. बाकी वर्गशिक्षकाला ब्लूम आणि सोलो दोन्ही नीट वापरता आले तर तिसरं शिकायची घाई नाही.

### माझी शाळा द्विशिक्षकी. दोन वर्ग एकाच खोलीत. हे सगळं कधी करायचं?

वेगळं काही करू नका, जे करताय तेच एका विषयावर आणा. गावचा आठवडी बाजार घ्या. सगळ्यांनी बाजारात पाहिलेल्या वस्तूंची यादी फळ्यावर होऊ द्या. मग कुणी त्यांचे गट पाडेल (आणि टोमॅटो फळ की भाजी यावर भांडेल), कुणी शंभर रुपयांत चार माणसांच्या दोन दिवसांच्या भाजीचा हिशेब बसवेल, कुणी घरी विचारून येईल की मागच्या महिन्यात कोथिंबिरीची जुडी कितीला होती आणि आज कितीला, आणि का.

कोणत्या मुलाला कोणतं काम द्यायचं ते इयत्तेवरून ठरवू नका. तिसरीतला भाजीवाल्याचा मुलगा भाव पडण्याची कारणं चौथीच्या सगळ्यांपेक्षा चांगली सांगेल.

### अभ्यासात मागे असलेल्या मुलांना फक्त स्मरणाचे प्रश्न द्यावेत का?

देऊ नयेत. रिकाम्या जागा, जोड्या लावा, पुन्हा रिकाम्या जागा, एवढंच वर्षभर मिळालं तर शाळा म्हणजे आठवण्याची परीक्षा अशीच त्या मुलाची समजूत होते. ज्याला वाचायला अडतं त्याला गोष्ट वाचून दाखवा आणि 'कोण कोणास म्हणाले' याऐवजी 'तो खोटं का बोलला असेल' हे विचारा.

### घटक चाचणीत कोणत्या पातळीला किती गुण ठेवावेत?

शासनाच्या किंवा मंडळाच्या सूचना असतील तर त्या पाळा. सीबीएसईने २०२४-२५ पासून अकरावी-बारावीच्या पेपरात क्षमताधारित (शिकलेलं वापरायला लावणाऱ्या) प्रश्नांचं प्रमाण ४० वरून ५० टक्के केलं. वारा कुठल्या दिशेचा आहे ते त्यावरून कळेल.

तुमच्या हातात असलेल्या वीस गुणांच्या चाचणीसाठी माझा अंदाज असा : आठ गुण सरळ आठवण्याचे, आठ गुण ओळखीच्या कल्पनेवर पण अनोळखी उदाहरणाचे, चार गुण अशा एका प्रश्नाला ज्याचं उत्तर मुलांमुलांत वेगळं येऊ शकेल. या शेवटच्या प्रश्नाची नमुना उत्तरपत्रिका लिहायला बसलात आणि एकच उत्तर सुचलं, तर प्रश्न बदला.

### वरच्या पातळीचा प्रश्न विचारला की वर्गात शांतता पसरते. काय करू?

थांबा. १९७०च्या दशकात अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं आढळलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली.

तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण वर्गासमोर उभं राहून मोजून पाहा, युग वाटतं. मी खडू एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायचो, तेवढ्याने वेळ निघायचा. आणि आधी नाव, मग प्रश्न असं करू नका. 'सुरेश, सांग पाहू...' म्हटलं की बाकीचे एकोणचाळीस जण सुटले.

### भावात्मक आणि क्रियात्मक क्षेत्रांचं काय?

ती विसरली जातात, हे खरं. भावात्मक (आवड आणि मूल्यांच्या) क्षेत्राची मांडणी १९६४ मध्ये आली : ग्रहण, प्रतिसाद, मूल्य देणं, त्यांची संगती लावणं आणि शेवटी ते स्वभावाचा भाग होणं. क्रियात्मक (हाताच्या कौशल्यांच्या) क्षेत्राची एक गाजलेली मांडणी आपल्याच आर. एच. दवे यांची, १९७० ची. अनुकरणापासून सहजतेपर्यंत पाच पायऱ्या. पोळी लाटायला शिकलेल्या कुणालाही त्या ओळखीच्या वाटतील : आधी आईचं बघून नकाशे, शेवटी गप्पा मारता मारता गोल.

### टाचणात सहाही पातळ्या दिसल्या नाहीत तर वरिष्ठ विचारतील.

विचारतील कदाचित. चाळीस मिनिटांच्या तासिकेत सहा पातळ्या बसवायच्या म्हटलं तर एकही धड होत नाही. एका घटकात मिळून सगळ्या याव्यात, एका तासात दोन पुरेत. टाचणाच्या शेवटी 'आज वर्गात विचारायचा एक प्रश्न, ज्याचं उत्तर पुस्तकात नाही' एवढी एक ओळ लिहायला लागा. तपासणारेही ती ओळ आधी वाचतात, असा माझा अनुभव.

### आणि मुलांनी विचारलेले प्रश्न? ते कोणत्या रकान्यात?

त्यांच्यासाठी संविधान तक्त्यात रकाना नाही, म्हणून मी वर्गात एक जुनी वही टांगून ठेवायचो. ज्या प्रश्नाचं उत्तर लगेच देता येत नाही तो मुलाने स्वतः त्यात लिहायचा, खाली तारीख. शनिवारी शेवटच्या तासाला त्यातला एक काढायचा.

पुरंदरच्या तहाच्या दिवशी त्या वहीत चौथीतल्या एका मुलाने लिहिलं होतं : 'किल्ले दिले तेव्हा किल्ल्यावरची माणसं कुठे राहायला गेली?' त्या शनिवारी दुसरं काहीच झालं नाही.